बाबांचे बोट कोणी खाल्ले?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रक्तातील पेशींवर लेख लिहावा हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. मलाही तसे वाटले होते. वार्षिक अंकासाठी लेख मागविण्यात आले तेव्हा मी आमच्याकडच्या लग्नातील धवळ्यांवर लिहावयाचे ठरविले होते, दोन पाने लिहिलीही होती. परंतु मध्यंतरी घरी जे घडले त्यामुळे ती पाने बाजूला पडली आणि मी भलत्याच वाटेने चालू लागले. त्या वाटेवर जे हाती लागले ते प्राध्यापकांनी आणि विद्यार्थिमित्रांनी गोड मानून घ्यावे. विज्ञान शाखेच्या कोणी वाचले तर चुका दाखवाव्यात. राग येणार नाही.

आमचे गाव पेणच्या खारेपाटात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या श्रावणात पुनवेच्या उधाणाला बांधाला खांड गेली. खारे पाणी एकदा भातात शिरले की पीक तर जातेच, जमीनही दोन-तीन वर्षे नासते. त्यामुळे खांड गेली की घरटी माणूस धावतो. बाबाही धावले. चिखलात उभे असताना कालवाची शिंप उजव्या पायाच्या करंगळीखाली घुसली. रात्री पाय धुताना आईला जखम दिसली. “दुखत नाय,” बाबा म्हणाले. खरोखरच त्यांना दुखत नव्हते, आणि सगळे तिथेच फसले, हे आम्हाला फार उशिरा कळले.

हळद भरली, पोटीस बांधले. चौथ्या दिवशी पाऊल लाल होऊन टरटरून सुजले, जांघेत अवधाण आले आणि रात्री हुडहुडी भरली. पेणला दवाखान्यात नेले. रक्त तपासले. तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे होते. बाबांनी तो कागद माझ्यापुढे धरला. “बाय, काय लिवलाय त्यान?”

आई, काका, आत्या सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. तेरा वर्षे शाळा-कॉलेजात घातलेली ही एकच मुलगी. कागदावर इंग्रजी होते. एकूण पांढऱ्या पेशी २१,०००. न्यूट्रोफिल ८८ टक्के. साखर ३१०. शब्द मला वाचता आले, अर्थ लागला नाही. “डॉक्टर सांगतील,” एवढेच मी म्हणाले. त्या वेळी झालेली शरम अजून गेलेली नाही.

पुढे मोठ्या रुग्णालयात करंगळी कापावी लागली. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पायाकडे पाहिले आणि डॉक्टरांना विचारले, “माजा बोट कोनी खाल्ला? किडं पडलं व्हतं का?” डॉक्टर तरुण होते, घाईत होते, तरी थांबले. म्हणाले, “थोडे जंतूंनी खाल्ले काका, थोडे साखरेने, आणि थोडे तुमच्याच रक्तातल्या सैन्याने.” हे तिसरे बाबांना पटले नाही. मलाही पटले नाही. आपलेच सैन्य आपलेच बोट कसे खाईल?

माझा मामेभाऊ रोह्याला बारावी विज्ञानाला आहे. रविवारची गाडी पकडून मी त्याच्याकडे जाऊ लागले. त्याची पुस्तके उसनी घ्यायची, परतताना निडी, नागोठणे, कासू अशी स्टेशने जाईपर्यंत वाचायची, न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायची आणि पुढच्या रविवारी त्याला छळायचे. तो कंटाळला तेव्हा त्याच्या सरांना छळले. पुढील मजकूर ही त्या रविवारांची कमाई आहे.

प्रथम नावाविषयी. १८८०च्या सुमारास पाउल एर्लिश हा जर्मन संशोधक काचेवर रक्ताचा पातळ थर देऊन त्याला निरनिराळे रंग लावून पाहत असे. काही पांढऱ्या पेशींतील कण आम्ल रंग घेत, काहींतील अल्कली रंग, तर सर्वांत मोठ्या संख्येच्या पेशींतील कण उदासीन, म्हणजे न आम्ल न अल्कली, अशा रंगाला जवळ करीत. म्हणून त्यांचे नाव न्यूट्रोफिल. उदासीनतेचा संबंध रंगापुरताच. स्वभावाने ही पेशी अजिबात उदासीन नाही. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतील निम्म्या किंवा त्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. बाबांचा २१,०००चा आकडा म्हणजे गावात दवंडी पिटल्यासारखा प्रकार होता.

या पेशी हाडांच्या पोकळीतील मगजात तयार होतात. रोज किती? सुमारे १०० अब्ज, म्हणजे दहा हजार कोटी! हा आकडा मी सरांकडून दोनदा तपासून घेतला. इतक्या लागतात, कारण त्यांचे आयुष्य तासांत, फार तर थोड्या दिवसांत मोजायचे. लढाई झाली नाही तरी त्या मरतातच. प्रत्येक पेशीच्या पोटात बारीक कणांच्या रूपाने दारूगोळा भरलेला असतो : जंतूंची आवरणे फोडणारी द्रव्ये, प्रथिने कुरतडणारी विकरे, आणि मायलोपेरॉक्सिडेज नावाचे एक हिरवट रंगाचे विकर. पुवाला हिरवट झाक येते त्यात या विकराचा वाटा असतो. पू म्हणजे सडलेले रक्त, अशी आमच्या आजीची समजूत होती, माझीही होती. वस्तुतः पू म्हणजे मुख्यतः कामी आलेल्या न्यूट्रोफिलांचा ढीग; त्यात जंतू आणि विरघळलेले मांस मिसळलेले.

या पेशी जखमेकडे धावतात हे माणसाला कसे कळले, ती हकीगत मला या सर्व वाचनात अधिक आवडली. कारण तीतही काटा आहे. १८८२ साली एली मेच्निकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असता तो एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी तो पाहत होता. त्याच्या मनात आले की बाहेरचे काही अंगात घुसले तर या पेशी तिकडे धावत असतील काय? त्याने बागेतील गुलाबाचे काटे आणून पिल्लांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्याला झोप आली नाही. पहाटे पाहतो तो काट्याभोवती पेशींची गर्दी! माणसाच्या बोटात काटा मोडल्यावर भोवती पू धरतो, तोच हा प्रकार. या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्याला १९०८चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते वाटून घेणारा दुसरा मानकरी होता तो रंगवाला एर्लिश.

आता बाबांच्या पायाकडे वळू. शिंपेबरोबर चिखलातील जंतू मांसात गेले. तेथे आधीपासून मुक्कामाला असलेल्या मोठ्या भक्षक पेशी असतात. जंतूंच्या अंगावरील काही खुणा माणसाच्या शरीरात कधीच नसतात. त्यांवरून हे परके, हे त्या ओळखतात आणि रासायनिक हाकाटी सुरू करतात. ती ऐकून जवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातील पाणी बाहेर झिरपते, म्हणून सूज येते. शिरा चेपल्या व चेतल्या जाऊन ठणका लागतो. लाली, सूज, ऊष्मा आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदली आहेत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत सूज कच्ची, पिकत असलेली व पिकलेली अशा तीन अवस्थांत सांगितली आहे आणि कोणत्या अवस्थेत शस्त्र लावावे याचा विचार केला आहे. ‘गळू पिकले’ असे आपण सहज म्हणतो त्याला केवढी जुनी परंपरा आहे!

पण रक्तातून वेगाने वाहत जाणाऱ्या पेशीने नेमक्या त्या जागी थांबावे कसे? खाडीत ओहोटीची ओढ असताना होडी काठाला लावायची तर माणूस काय करतो? वाटेतील खुंटे हाताने धरीत, सोडीत, पुन्हा धरीत वेग मोडतो, आणि मग दोर टाकतो. न्यूट्रोफिलही हेच करते. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर हाकाटीनंतर काही खुंटे उगवतात, त्यांना सिलेक्टिन म्हणतात. न्यूट्रोफिलच्या अंगावर विशिष्ट शर्करेचे आकडे असतात. ते खुंट्यांत अडकतात, सुटतात, पेशी भिंतीवरून घरंगळू लागते. भिंतीवर लागलेला हाकाटीचा वास तिला लागला की तिच्या अंगावरील इंटेग्रिन नावाचे दोर ताठ होतात व ती घट्ट चिकटते. नंतर चपटी होऊन भिंतीच्या दोन पेशींमधील फटीतून बाहेर पडते आणि ज्या दिशेने वास अधिक त्या दिशेने सरपटत जाते. हा वास काही अंशी जंतूंनी सोडलेल्या प्रथिनांच्या तुकड्यांचाही असतो. चोराला त्याच्याच विडीच्या वासावरून पकडावे तसे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिचे मूळ मुंबईत आहे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट ‘लॅन्सेट’मध्ये जाहीर केला. त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव पडले. नेहमीच्या तपासणीत हे लोक ‘ओ’ गटाचे दिसतात, पण ‘ओ’चेही रक्त त्यांना चालत नाही; कारण ए, बी, ओ या सर्वांच्या मुळाशी असलेला एच हा घटकच त्यांच्या तांबड्या पेशींवर नसतो. या घटकात फ्यूकोज नावाची साखर असते. पुढे १९९२ साली इस्रायलमधील डॉक्टरांनी दोन मुलांची हकीगत प्रसिद्ध केली. या मुलांना वरचेवर जंतुसंसर्ग होई, रक्तात न्यूट्रोफिल भरपूर, परंतु जखमेत पू मात्र होत नसे. त्यांचा रक्तगट पाहिला तर तो निघाला बॉम्बे! फ्यूकोज वापरण्यातच त्यांच्या शरीरात दोष होता, आणि न्यूट्रोफिलच्या अंगावरचे ते आकडे फ्यूकोजशिवाय तयार होत नाहीत. सैन्य रस्त्यावर, पण थांबता येत नाही. सर्वसाधारण बॉम्बे गटाच्या माणसाला हा आजार नसतो, हे मुद्दाम सांगते. त्याच्यात फक्त तांबड्या पेशींवरील फ्यूकोजची एक जोडणी राहून गेलेली असते, त्याची न्यूट्रोफिले ठणठणीत असतात. कोणी उगाच घाबरू नये. पण पू होत नाही म्हणजे सगळे ठीक, असे आता मी कधीच म्हणणार नाही.

जखमेत पोहोचलेली न्यूट्रोफिल एकदम पेटत नाही. आधीच्या रसायनांनी ती तयारीत येते, बंदुकीचा घोडा मागे ओढून ठेवावा तशी. आणि जंतू प्रत्यक्ष अंगाला लागला की बार उडतो. रक्तातील प्रतिद्रव्ये व पूरक प्रथिने जंतूला आधीच माखून ठेवतात, त्यामुळे तो धरायला सोपा जातो. पेशी त्याला कवेत घेऊन पोटातील पिशवीत कोंडते. मग ती प्राणवायू भराभर ओढू लागते, पण श्वसनासाठी नव्हे. त्या प्राणवायूपासून ती तिखट, क्षणजीवी रसायने बनविते. त्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि त्या हिरव्या विकराच्या मदतीने हायड्रोजन पेरॉक्साइड व मीठ यांपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते.

हे आम्ल आपल्या ओळखीचे आहे. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, तिच्यातून पाण्यात जे उतरते आणि जंतू मारते ते हेच. हे वाचले तेव्हा गाडी नागोठण्याला उभी होती आणि मी मोठ्याने “अगंबाई!” म्हणाले, समोरच्या बाई दचकल्या. आपल्या रक्तातली प्रत्येक न्यूट्रोफिल टीसीएल बनविते! आणि टीसीएल उघड्या हाताने कालवले तर कातडी सोलते, हेही गावात सर्वांना ठाऊक आहे.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर येथे सुरू होते. कोंडलेल्या पिशवीत हे सर्व घडले तर नुकसान जंतूंचे. परंतु पिशवीचे तोंड मिटण्याआधीच काही माल बाहेर सांडतो. काही वेळा भक्ष्य एवढे मोठे असते की गिळताच येत नाही, तेव्हा पेशी त्याच्यावर बाहेरच ओतते. काही पेशी मरताना माल सोडून जातात. २००४ साली बर्लिनच्या संशोधकांनी आणखी एक तऱ्हा दाखविली : न्यूट्रोफिल स्वतःच्या केंद्रातील डीएनएचे धागे बाहेर फेकून जाळे टाकते, त्याला तीच मारक द्रव्ये चिकटलेली असतात. जंतू जाळ्यात अडकतात हे खरे. पण जाळे लहान रक्तवाहिनीत पडले तर रक्ताची गुठळीही तेथेच धरते आणि पलीकडच्या मांसाचा रक्तपुरवठा तुटतो.

सांडलेल्या विकरांपैकी इलॅस्टेज हे विशेष जहाल. मांसाला धरून ठेवणारे जे लवचीक व चिवट तंतू असतात ते हे विकर कापते. त्याला आवर घालणारे एक प्रथिन यकृतात तयार होऊन रक्तातून सर्वत्र फिरत असते. पण टीसीएलसारखी ती तिखट रसायने नेमके या पहारेकऱ्यालाच निकामी करतात. म्हणजे रस्ता मोकळा! विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या फुफ्फुसात वर्षानुवर्षे हेच चालते आणि श्वासकोशांच्या भिंती विरत जातात. आमचे काका हा परिच्छेद वाचणार नाहीत, पण मी त्यांना तो वाचून दाखविणार आहे. २०२०-२१च्या साथीत कोविडने दगावलेल्या काही रुग्णांच्या फुफ्फुसांतही न्यूट्रोफिलांची गर्दी आणि त्यांची जाळी आढळली. विषाणूपेक्षा हा आवर न घातलेला दाहच पुष्कळांना भोवला.

मग ही पेशीच बंद पाडणारे औषध का देत नाहीत? हे मी विचारले. सर म्हणाले, कर्करोगाच्या औषधांनी ज्यांची न्यूट्रोफिले घन मिलिमीटरला ५००च्या खाली जातात, त्यांना साध्या जंतूनेही जीव गमवावा लागू शकतो. माझ्या प्रश्नाचे तेवढेच उत्तर मिळाले, आणि ते पुरेसे होते.

राहिली साखर. मधुमेह बाबांना किती वर्षे होता कोण जाणे, आम्हाला तो त्या कागदावरून कळला. वाढलेल्या साखरेने पायातील शिरा बधिर होतात, म्हणून शिंप घुसली तरी दुखले नाही. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, म्हणून सैन्य आणि औषध दोन्ही उशिरा पोहोचतात. शिवाय साखरेत भिजलेली न्यूट्रोफिल नीट धावत नाही, नीट गिळत नाही. आणि २०१५ साली बोस्टनच्या संशोधकांना आढळले ते असे की, जाळी मात्र ती गरजेपेक्षा अधिक टाकते व त्यामुळे जखम भरायला उशीर होतो. गिळण्यात मंद, सांडण्यात उतावीळ! निरोगी शरीरात काम झाले की न्यूट्रोफिल शांतपणे मरते, मोठ्या भक्षक पेशी तिला माल न सांडता गिळून टाकतात आणि डागडुजी सुरू होते. बाबांच्या पायात ही शेवटची पाळी येतच नव्हती. जंतू मरत नव्हते, हाकाटी थांबत नव्हती, नवे सैन्य येतच होते आणि करंगळीचा रक्तपुरवठा तुटला होता. डॉक्टरांनी केलेली तीन वाटेकऱ्यांची विभागणी बरोबर होती. तिघांचे अंश वेगळे काढता येत नाहीत, एवढेच.

हे सर्व मी बाबांना एका संध्याकाळी ओट्यावर बसून सांगितले. टीसीएलचे त्यांना लगेच समजले. आपल्याच सैन्याचे समजायला वेळ लागला. मग ते म्हणाले, “खांड बुजवाला आपूनच आपल्या शेतातली माती काढतो, तसाच ना?” मी हो म्हणाले. भरती उतरेपर्यंत जवळच्या शेतातलीच माती उपसावी लागते आणि तेवढा तुकडा त्या वर्षी पिकत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. माझ्या रोह्याच्या सगळ्या रविवारांत हे उदाहरण मला सुचले नव्हते.

“पन मी पयल्या दिवशी आलो असतो तं?” त्यांनी विचारले. पहिल्याच दिवशी जखम धुऊन औषध सुरू झाले असते तर बोट बहुधा वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले होते. मी ते तसेच सांगितले. बाबा काही वेळ बोलले नाहीत. आता ते रोज रात्री कंदिलासारखी बॅटरी धरून दोन्ही तळपाय आरशात पाहतात. आई हसते, पण आरसा तीच आणून देते.

गेल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासले. कागद मीच घेतला आणि दवाखान्याच्या बाकावर सर्वांना वाचून दाखविला : एकूण पांढऱ्या पेशी ८,२००, न्यूट्रोफिल ६४ टक्के. काकांनी विचारले, म्हणजे काय? मी सांगितले. बाबांनी फक्त एवढेच विचारले, “आन साखर?”

साखर १९० होती.